जमिनीवर ठणठणीत, हवेत बाराव्या मिनिटाला दम तुटतो: एका जुन्या बायप्लेनच्या इंधनपुरवठ्यातील दोषाचा माग

आमच्या एकआसनी बायप्लेनचे (एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाचे) इंजिन उड्डाणानंतर बाराव्या ते पंधराव्या मिनिटाच्या सुमारास, पूर्ण थ्रॉटलवर चढत असताना, मिनिटाला २३०० फेऱ्यांवरून (आरपीएम) हळूहळू १७०० पर्यंत खाली येत असे. थ्रॉटल मागे घेतला की ते पुन्हा सुरळीत चालू लागे आणि उतरल्यावर जमिनीवर पूर्ण ताकदीने चालवून पाहिले तर त्यात नावालाही दोष सापडत नसे. फेब्रुवारी ते ऑक्टोबर या नऊ महिन्यांत हा प्रकार पाच वेळा घडला. पहिल्या चार वेळी आम्हाला कारण सापडल्यासारखे वाटले, आम्ही दुरुस्ती करून लॉगबुकात तशी नोंद केली आणि चारही वेळा आमचा अंदाज चुकला. खरे कारण टाकीच्या आत होते. ते इतके दिवस लपून राहिले, कारण पेट्रोल वाहायचे थांबले की दोषही स्वतःहून नाहीसा होत होता.

विमानाची ओळख थोडक्यात करून देतो. हे स्मिथ मिनिप्लेन आहे. या आराखड्याचे पहिले विमान अमेरिकेत १९५६ मध्ये उडाले आणि पुढे अनेक हौशी लोकांनी त्यावरून घरीच विमाने बांधली. वरच्या पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत अवघी १७ फूट, धडाचा सांगाडा वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचा, पंख लाकडाचे आणि त्यांवर डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारे रोगण, दिलेले कापड. आमच्या विमानात काँटिनेंटल सी-८५ हे चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे आणि २५७५ आरपीएमला ८५ अश्वशक्ती देणारे इंजिन आहे. इंधनपंप नाही. वैमानिकाच्या गुडघ्यांपुढे, डॅशबोर्ड आणि फायरवॉल (इंजिनाला वैमानिकापासून वेगळा करणारा पत्र्याचा पडदा) यांच्यामध्ये बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या टाकीतून पेट्रोल आपल्याच वजनाने खाली कार्बोरेटरपर्यंत उतरते. विमान उभे असते कराडला, कोयना धरणाच्या कामाच्या काळातील धावपट्टीवर. दुरुस्तीची बहुतेक कामे मात्र माझ्या सांगलीतील लेथच्या कारखान्यात झाली. कापड, पंखांचे लाकूड आणि तारांचा ताण यांवर आम्ही तीन वर्षे घालवली आणि टाकीकडे फक्त ती गळत नाही ना, एवढेच पाहिले. आता मागे वळून पाहताना कामाची ही वाटणी किती उलटी होती, हे कळते.

चार चुकीच्या वाटा

पहिल्या वेळी संशय मॅग्नेटोवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागावर गेला. जुन्या मॅग्नेटोची कॉइल गरम झाल्यावर आतील इन्सुलेशन दगा देते आणि थंड झाल्यावर सर्व काही ठीक दिसते, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक असते, आणि बारा-पंधरा मिनिटांचा हिशोब त्याच्याशी चोख जुळत होता. दोन्ही मॅग्नेटो उतरवले, कंडेन्सर बदलले, पॉइंट घासले. त्या वेळी एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. मॅग्नेटो बिघडला की इंजिन अडखळते, फटफट आवाज करते, थरथरते. आमचे इंजिन यांपैकी काहीही न करता, दिव्यातले तेल संपत यावे तसे मंदावत होते. आवाजातील हा फरक मी तेव्हाच कागदावर लिहून ठेवला असता तर पुढचे निम्मे काम वाचले असते.

दुसरी वाट सर्वांत फसवी निघाली. मार्चअखेर पुन्हा इंजिन मंदावल्यावर आम्ही टाकीचा हवा येण्याचा मार्ग तपासला. पेट्रोल खाली उतरते तितकी हवा वरून आत आली नाही तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि धार बारीक होते, हे तत्त्व तर झाकणावर बोट दाबून बाटली उपडी करणाऱ्या शाळकरी मुलालाही माहीत असते. हवेच्या नळीत तार घातली तर ती अर्ध्यातच अडकली आणि बाहेर आला मातीचा वाळलेला गोळा व त्यात एक मेलेली अळी. हँगरच्या तुळयांवर घरटी करणाऱ्या कुंभारीण माशीने आमच्या नळीतही आपला संसार थाटला होता. कारण सापडल्याच्या आनंदात आम्ही त्या संध्याकाळी सर्वांना भजी खाऊ घातली. पुढचे उड्डाण पंचवीस मिनिटांचे झाले आणि इंजिन एकदाही कुरकुरले नाही. नळीतील माती हा खराखुरा दोष होता आणि तो दूर करणे आवश्यकही होते, पण आमचे इंजिन त्याने मंदावत नव्हते. उभ्या विमानाच्या प्रत्येक नळीला लाल फीत लावलेले बूच बसवण्याची शिस्त मात्र तेव्हापासून लागली.

मे महिन्यात तिसऱ्यांदा घडले तेव्हा पारा चाळिशीला टेकला होता. मग इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते, असा निष्कर्ष निघाला. आम्ही नळीवर उष्णतारोधक वेष्टण चढवले आणि एक्झॉस्टच्या बाजूला पत्र्याची आडोशी लावली. विमानाचे १०० एलएल जातीचे पेट्रोल गाडीच्या पेट्रोलपेक्षा सहजासहजी वाफाळत नाही, ही गोष्ट आमच्या एएमई (विमानदुरुस्तीचे परवानाधारक अभियंता) साहेबांनी त्याच वेळी बोलून दाखवली होती. आम्ही ऐकले नाही.

ऑगस्टमध्ये चौथ्यांदा. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात पावसाळ्यात २४ अंश तापमान आणि भिजलेली हवा असते. हे हवामान कार्बोरेटरमध्ये बर्फ धरण्यासाठी अगदी नमुनेदार म्हणावे असे. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात, व्हेंचुरीत, पेट्रोलचे बाष्पीभवन होताना तापमान २० अंशांहून अधिक उतरू शकते, त्यामुळे बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतानाही आत बर्फ साचतो. तथापि बर्फ असेल तर त्याची एक ठरलेली खूण असते. कार्बोरेटरला गरम हवा देणारी मूठ ओढली की आरपीएम आधी आणखी पडतो, मग वितळलेले पाणी पोटात घेताना इंजिन खोकते आणि त्यानंतर आरपीएम वर चढतो. मी मूठ ओढली तेव्हा आरपीएम नेहमीइतका थोडासा पडला आणि तिथेच राहिला. म्हणजे बर्फ नव्हता. तरीही लॉगबुकात आम्ही बर्फाचीच नोंद केली, कारण दुसरे काही सुचत नव्हते. दुसऱ्या प्रसंगानंतरच हे विमान जमिनीवर ठेवायला हवे होते. आजूबाजूला पुरुषभर उंचीच्या वर गेलेला ऊस असताना आणि लहान बायप्लेन इंजिनाविना विटेसारखे खाली येत असताना, केवळ धावपट्टीच्या डोक्यावर घिरट्या घालण्याच्या भरवशावर पुढची उड्डाणे करणे ही माझी चूक होती आणि तिचे समर्थन मी करत नाही.

बुचाने दिलेली साक्ष

टाकीत पेट्रोल किती आहे हे दाखवणारे आमचे साधन अगदी साधे आहे. झाकणातून एक पितळी तार वर डोकावते, तिच्या खालच्या टोकाला बुचाच्या लाकडाचा फ्लोट असतो आणि पेट्रोल उतरेल तशी तार खाली जाते. बुचाने पेट्रोल शोषून घेऊ नये म्हणून त्यावर लाखेचे थर दिलेले असतात. सप्टेंबरमध्ये माझ्या लक्षात आले की टाकी काठोकाठ भरली तरी तार पूर्वीच्या खुणेपेक्षा दोन बोटे खालीच राहते. याचा इंजिनाशी काही संबंध असेल असे वाटले नाही. फ्लोट जुना झाला आहे, त्याला पुन्हा लाख द्यावी, एवढ्याच विचाराने मी तो काढून सांगलीत फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे नेला.

त्याने फ्लोट हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि अंगठा उचलताना लागलेली चिकट तार मला दाखवली.

“काका, ह्येला स्पिरिट लागलंय. लाखंला स्पिरिट लागलं की ती ऱ्हाती व्हय?”

मी म्हणालो, “स्पिरिट कसले? हा कायम पेट्रोलात असतो.”

“मग तुमच्या पेट्रोलातच स्पिरिट हाय.”

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. चपडा लाख पेट्रोलात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. पॉलिशवाले तर रोज तीच लाख स्पिरिटात भिजत घालतात. आणि आमच्या टाकीत अल्कोहोल येऊन गेले होते. आदल्या वर्षी इंजिन पूर्ण उघडून पुन्हा जोडल्यावर ते जमिनीवर चार तास चालवायचे होते. विमानाचे पेट्रोल पिंपाने मागवावे लागते आणि महाग पडते, म्हणून जमिनीवरच्या या कामापुरते आम्ही रस्त्यावरच्या पंपावरून कॅन भरून आणले. सी-८५ हे कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालण्यासाठी बनवलेले इंजिन आहे, आणि जुन्या विमानांना गाडीचे पेट्रोल चालते हे आम्ही ऐकून होतो. १९८२ मध्ये अमेरिकेत सेस्ना १५० साठी तशी परवानगी मिळाली, हेही खरे आहे. मात्र अशा परवानग्यांमध्ये इथेनॉल मिसळलेले पेट्रोल स्पष्टपणे वगळलेले असते. ही अट आम्ही वाचलीच नव्हती. आपल्याकडे १० टक्के इथेनॉलचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला, २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांचे ई-२० पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र झाले. चार तासांचे काम संपल्यावर उरलेले पंधरा-एक लिटर पेट्रोल पावसाळ्याचे दोन महिने टाकीत तसेच पडून होते. नंतर ते काढून आम्ही विमानाचे पेट्रोल भरले आणि तो विषय तिथे संपला, असे समजून चाललो.

खात्री करण्यासाठी कारखान्यातील कॅनच्या तळाशी राहिलेले ते जुने पेट्रोल तपासले. ही चाचणी कोणालाही करता येईल. १०० मिलिलिटरच्या खुणांच्या काचनळीत १० मिलिलिटर पाणी घ्यावे, वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरावे, बूच लावून जोरात हलवावे आणि पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. पेट्रोलात इथेनॉल नसेल तर पाण्याची रेघ १० वरच राहते. असेल तर इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जाते आणि रेघ वर चढते. माझ्या नळीत ती २६ च्या किंचित वर थांबली, म्हणजे ९० मिलिलिटर पेट्रोलातून १६ मिलिलिटरहून थोडे अधिक इथेनॉल पाण्यात उतरले होते.

एक लिटरची चाचणी आणि अख्ख्या टाकीची चाचणी

फ्लोटची लाख गेली हे कळले, पण त्याने इंजिन का मंदावेल, याचा उलगडा झाला नव्हता. मग जुन्या लॉगबुकाची पाने पुन्हा चाळली. पूर्वीच्या मालकाच्या काळातील एक ओळ सापडली: टाकीच्या रिव्हेटमधून ओल, टाकी आतून सील केली. म्हणजे त्या काळच्या पद्धतीप्रमाणे टाकीत पातळ सीलंट ओतून, टाकी सगळ्या बाजूंनी फिरवून, आतल्या पत्र्यावर त्याचा पापुद्रा चढवला होता. असे जुने सीलंट अल्कोहोलने सैल होते, हे एएमई साहेबांनी ओळ वाचताक्षणी सांगितले. पापुद्रे सुटले असतील तर ते इंधनाच्या वाटेत कुठेतरी सापडायला हवेत, आणि फायरवॉलखालच्या स्ट्रेनरचा (नळीतील गाळणीचा) काचेचा वाटा, म्हणजे गाळ साचणारी वाटी, तर आम्ही प्रत्येक उड्डाणाआधी पाहत होतो. तो नेहमी आरशासारखा स्वच्छ असे. याच स्वच्छ वाट्याने आम्हाला नऊ महिने निश्चिंत ठेवले.

इंधनाच्या धारेची चाचणी आम्ही यापूर्वी तीनदा केली होती. गुरुत्वाकर्षणाने पेट्रोल येणाऱ्या विमानात, चढण्याच्या स्थितीत, कार्बोरेटरच्या तोंडाशी पूर्ण ताकदीला लागणाऱ्या पेट्रोलच्या दीडपट धार मिळायला हवी, असा दंडक आहे. सी-८५ पूर्ण ताकदीवर ताशी सुमारे २७ लिटर पेट्रोल पिते. त्याची दीडपट ताशी ४० लिटर, म्हणजे दीड मिनिटात एक लिटर. आम्ही दर वेळी नळी सोडवून एक लिटरचे माप भरत असू, ते एका मिनिटाच्या थोडे वर भरत असे, आणि चाचणी उत्तीर्ण. चूक या एक लिटरमध्ये होती. जो दोष बाराव्या मिनिटाला प्रकट होतो, तो पहिल्या मिनिटात शोधून मिळणार नव्हता.

पाचव्या प्रसंगानंतर, ऑक्टोबरमधील एका सकाळी, आम्ही विमान उघड्यावर आणले, पुढची चाके जाड फळ्यांवर चढवली म्हणजे शेपटी आणखी खाली जाऊन चढणीचा कोन मिळेल, टाकीत तीस लिटर पेट्रोल ठेवले आणि कार्बोरेटरपाशी नळी सोडवून तिच्याखाली पाच लिटरचे पोलादी डबे एकामागून एक लावायचे ठरवले. डबा आणि विमानाचा सांगाडा तारेने जोडून जमिनीत अर्थ केला, अग्निशामक हाताशी ठेवला, मोबाइल हँगरमध्ये ठेवले. प्लास्टिकचे डबे या कामाला अजिबात वापरू नयेत, त्यांवर स्थिर वीज साठते. पहिला डबा सव्वापाच मिनिटांत भरला. दुसऱ्यालाही जवळपास तितकाच वेळ लागला. तिसरा डबा अर्ध्याच्या आसपास आला असताना पेन्सिलीएवढी निळसर धार सुतळीएवढी झाली, मग तिला पीळ पडल्यासारखा झाला आणि अर्ध्या मिनिटात ती शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक होऊन थेंबांवर आली. घड्याळात तेरावे मिनिट चालू होते. टाकीत अजून सतरा लिटर पेट्रोल होते. साहेबांनी कॉक बंद केला, विमानाची शेपटी हाताने उचलून दोनदा हलवली आणि दहा मिनिटांनी कॉक पुन्हा उघडला. धार पहिल्यासारखी, पेन्सिलीएवढी. आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही, कारण नऊ महिन्यांत प्रथमच तो दोष जमिनीवर, आमच्या डोळ्यांसमोर घडला होता.

यानंतरचे उकलणे सोपे होते. टाकीच्या तळाशी, बाहेर पडणाऱ्या नळीच्या तोंडावर, बोटाएवढी एक जाड जाळीची गाळणी असते. सीलंटचे सुटलेले पापुद्रे तिच्यातून पार होण्याइतके लहान नव्हते, म्हणूनच खालचा काचेचा वाटा स्वच्छ राहत होता. पेट्रोल वाहू लागले की तळावर निजलेले पापुद्रे ओढीने सरकत गाळणीकडे जात, एकेक करून तिला चिकटत, आणि सगळी गाळणी झाकायला त्यांना बारा-पंधरा मिनिटे लागत. थ्रॉटल मागे घेतला की इंजिनाची मागणी इतकी कमी होई की उघडी राहिलेली थोडीशी जाळीही पुरे पडे. उतरून इंजिन बंद केले की ओढ थांबे, पापुद्रे गळून तळावर पडत, आणि खडबडीत जमिनीवरून हँगरकडे ढकलताना विमानाला बसणाऱ्या धक्क्यांनी ते पुन्हा टाकीभर पसरत. कुंभारीण माशीनंतरचे पंचवीस मिनिटांचे निर्दोष उड्डाण कसे झाले, याचेही उत्तर यात होते. त्या दिवशी मी संपूर्ण वेळ अर्ध्या थ्रॉटलवर सरळ उडत होतो.

टाकी बाहेर काढून, पाण्याने तीनदा धुऊन आणि दोन दिवस उन्हात उघडी ठेवून मगच आम्ही आत कॅमेऱ्याची नळी घातली. पेट्रोलची वाफ असलेल्या टाकीत विजेचे कोणतेही उपकरण घालणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण, त्यामुळे ही घाई कोणी करू नये. आत जे दिसले ते तापवून गार केलेल्या दुधावरच्या सायीसारखे होते: पिवळसर, सुरकुतलेले, कडांनी सुटलेले आणि मधूनच पत्र्याला धरून लोंबणारे. तळाशी सुटे पडलेले तुकडे मी नंतर वर्तमानपत्रावर काढले. सर्वांत मोठा तुकडा माझ्या तळहाताएवढा होता आणि दोन बोटांत धरला तर कांद्याच्या ओल्या पापुद्र्यासारखा वाकत होता.

दुरुस्ती

जुनी टाकी साफ करून वापरावी असा मोह होतो. तीव्र द्रावक ओतून सीलंट पूर्ण काढता येते असे सांगणारे लोक भेटतात, आणि पुन्हा नवे सीलंट ओतावे असे सुचवणारेही भेटतात. माझे मत असे की सुटलेला थर एकदा सापडला की ती टाकी बाद समजावी. आतील आडव्या पडद्यांमागे काय चिकटून राहिले आहे हे कोणालाही दिसत नाही, आणि रिव्हेट मुळात गळत होते म्हणूनच सीलंट घातले गेले होते. आम्ही जुन्या टाकीची मापे घेऊन ५०५२ जातीच्या ॲल्युमिनियम पत्र्याची नवी टाकी वेल्डिंगने बनवली. आपल्या भागात दूध संघांची आणि साखर कारखान्यांची कामे करणारे हात-चलाख टिग वेल्डर (वायूच्या आवरणात विजेच्या ज्योतीने जोड करणारे) पुष्कळ आहेत, पण त्यांचे काम बहुतांशी स्टेनलेसचे असते आणि ते डीसीवर चालते. ॲल्युमिनियमला वरचा ऑक्साइडचा थर फोडण्यासाठी एसी लागतो. त्यामुळे यंत्र एसीचे आहे का आणि कारागिराने पातळ ॲल्युमिनियम जोडले आहे का, हे आधी विचारावे आणि त्याच पत्र्याच्या तुकड्यांवर दोन-तीन जोड करून घेऊन ते पकडीत वाकवून तोडून पाहावेत. आमच्या कारागिराचा पहिला जोड तुटला, तिसरा तुटला नाही.

गळतीच्या चाचणीसाठी कॉम्प्रेसर लावू नये. दाब थोडा जरी जास्त झाला तरी टाकी फुगते आणि फाटली तर इजा करते. अमेरिकन नियमांत अशा धातूच्या टाकीसाठी साडेतीन पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाची चाचणी सांगितली आहे, आणि तेवढा दाब अडीच मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाने मिळतो. आम्ही टाकी पाण्याने भरली, झाकणाच्या जागी पारदर्शक नळी घट्ट बसवली, ती कारखान्याच्या तुळईपर्यंत वर नेऊन अडीच मीटरपर्यंत पाणी चढवले आणि पातळीवर शाईची खूण करून रात्रभर सोडले. सकाळी पाणी खुणेवरच होते. ज्याला पाणी आणि शिडी मिळते त्याला ही चाचणी फुकट पडते.

बाहेर पडण्याच्या तोंडावरची गाळणी आम्ही मोठी केली. तिची उघडी जागा नळीच्या छेदाच्या निदान पाचपट असावी आणि जाळी इंचाला ८ ते १६ छिद्रांची असावी, असे मानक आहे. आमची जुनी गाळणी त्यात जेमतेम बसत होती. इथेनॉलचा स्पर्श झालेले सर्व रबर बदलले. कार्बोरेटरमधील निडलच्या टोकाचे रबर फुगलेले निघाले, नळीचा आतला थर नखाने खरवडला तर सुटत होता. या दोन गोष्टींनी अजून त्रास दिला नव्हता एवढेच. इंधनव्यवस्थेतील प्रत्येक बदल एएमई साहेबांनी तपासून, सही करून लॉगबुकात नोंदवला, आणि मागच्या चार चुकीच्या नोंदींसमोर त्यांनी लाल शाईने या नव्या नोंदीचा पानक्रमांक घातला. त्यानंतर अख्ख्या टाकीची चाचणी पुन्हा केली. शेवटच्या लिटरपर्यंत धार बदलली नाही.

तुमच्या विमानात असेच घडत असेल तर

इंजिन अडखळत नसेल, फटफटत नसेल आणि केवळ मंदावत असेल, थ्रॉटल मागे घेताच सावरत असेल आणि गरम हवेची मूठ ओढून काही फरक पडत नसेल, तर मॅग्नेटोला हात लावण्याआधी इंधनाचा मार्ग तपासा. मंदावलेल्या क्षणी टाकीचे झाकण सैल करता येण्याजोगे असेल, म्हणजे जमिनीवर चाचणी चालू असताना, तर ते सैल करून पाहा. धार परत आली तर हवेची नळी बंद आहे, नाही आली तर अडथळा टाकीच्या आत किंवा पुढे नळीत आहे. खालच्या स्ट्रेनरमध्ये काही सापडले नाही याचा अर्थ टाकी स्वच्छ आहे असा घेऊ नका. टाकी पूर्वी कधी आतून सील केली होती का हे लॉगबुकात शोधा, आणि लॉगबुक नसेल तर झाकणातून आरसा व बाहेरून उजेड धरून आतला पत्रा चमकतो की पिवळा दिसतो ते पाहा. चमकत असेल तर चांगलेच. पिवळा दिसत असेल आणि त्या टाकीत पंपावरचे पेट्रोल एकदाही गेले असेल, तर अख्ख्या टाकीची चाचणी होईपर्यंत उडू नका. आणि जमिनीवर इंजिन चालवण्यासाठीसुद्धा, अगदी पाच मिनिटांसाठीसुद्धा, पंपावरचे पेट्रोल टाकीत घालू नका. ते वापरायचेच असेल तर टाकीला वळसा घालून बाहेरच्या वेगळ्या डब्यातून, वेगळ्या नळीने द्यावे आणि नंतर कार्बोरेटर रिकामा करावा. इथेनॉलने सैल केलेला थर पेट्रोल बदलल्यावर पुन्हा घट्ट होत नाही, तो पुढे कित्येक महिने सुटतच राहतो. आमचे पाचही प्रसंग विमानाच्या शुद्ध पेट्रोलवर घडले, ही गोष्ट त्यामुळेच आम्हाला इतके दिवस कोड्यात टाकत होती.

नव्या टाकीत फ्लोट बुचाचा न ठेवता पेट्रोल किंवा अल्कोहोल न शोषणाऱ्या बंद छिद्रांच्या फोमचा घातला. तो बुचापेक्षा हलका असल्यामुळे पेट्रोलवर जरा वर तरंगतो आणि तार जुन्या खुणेपेक्षा पाच मिलिमीटर जास्त दाखवते. म्हणून टाकीत एकेक लिटर मोजून ओतत तारेवर कानशीने नव्या खुणा पाडल्या आणि जुन्या खुणा लेथवर घासून काढल्या.